हायडनच्या हरवलेल्या सात सोनाटा

आपल्याकडील संगीत पिढ्यान्‌पिढ्या गळ्यांतून गळ्यांत उतरत आलें. एखाद्या घराण्यांतील चीज कागदावर कधींच उतरली नसली, तरी शिष्याच्या कंठांत ती सुखरूप राहूं शकते. युरोपांतील पियानो-संगीताची गोष्ट निराळी आहे. तेथें रचनाकार आपली कृति स्वरलिपींत लिहून ठेवतो आणि वादक त्या लिपीप्रमाणें ती वाजवितो. कागद गेला, कीं रचना गेली. म्हणून त्या संगीताच्या अभ्यासकास गवयाच्या कानाबरोबर दप्तरदाराची चिकाटीहि अंगीं बाणवावी लागते. जुनीं दप्तरें चाळणें, प्रतीशीं प्रत ताडून पाहणें, कागदाची जात आणि हस्ताक्षराचें वळण ओळखणें, हीं कामें त्याला करावीं लागतात. हें शास्त्र कसें उभें राहिलें आणि त्याचा उपयोग काय, हें योसेफ हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या सात हरवलेल्या सोनाटांच्या इतिहासावरून फार चांगलें समजतें.

सोनाटा म्हणजे एका वाद्यावर, किंवा फार तर दोन वाद्यांवर, वाजविण्यासाठीं रचलेली दोन, तीन किंवा चार भागांची संगीतकृति. हायडनचा जन्म १७३२ सालीं रोराऊ या खेड्यांत एका चाकें करणाऱ्या कारागिराच्या घरीं झाला आणि १८०९ सालीं तो व्हिएन्ना शहरांत निवर्तला. १७६१ पासून तो एस्टरहाझी या धनाढ्य सरदारघराण्याच्या पदरीं होता. धन्यासाठीं संगीत रचावें, वाद्यवृंद शिकवावा, वाद्यांची निगा राखावी, अशी त्याची चाकरी होती. १७६५ सालीं त्याच्या कामांत कुचराई होते असा ठपका त्याच्यावर आला आणि नव्या रचना अधिक नेटानें कराव्या अशी ताकीद राजपुत्र निकोलस यानें दिली. याच सुमारास हायडननें आपल्या रचनांची एक यादी लिहावयास घेतली. आपण रिकामे बसत नाहीं हें धन्यास दाखवितां यावें, हा तिचा एक हेतु असावा, असें अनेक अभ्यासक मानतात.

ही यादी इतिहासांत 'कच्ची यादी' या अर्थाच्या जर्मन नांवानें ओळखली जाते. तींत प्रत्येक रचनेच्या नांवापुढें तिच्या आरंभींचे थोडेसे स्वर लिहिलेले आहेत. ही युक्ति साधी पण मोठी उपयोगाची आहे. त्या काळीं एकाच स्वरांतील पांच-सहा सोनाटा एकाच रचनाकाराच्या असत आणि त्यांना निराळीं नांवें नसत. 'रे स्वरांतील सोनाटा' म्हटल्यानें कांहींच बोध होत नसे. परंतु पहिले चार स्वर दिले, म्हणजे अभंगाच्या पहिल्या चरणावरून अभंग ओळखावा, तशी ती रचना तत्काळ ओळखतां येते. या यादींत कळफलकाच्या वाद्यासाठीं रचलेल्या अशा सात सोनाटा आहेत, कीं ज्यांचे आरंभ तेवढे यादींत उरले आणि बाकी सारें नाहींसें झालें. दाराची चौकट उभी आहे आणि मागें घर नाहीं, अशी त्यांची अवस्था आहे.

त्या हरवल्या कशा, हें समजण्यास त्या काळची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. हायडनच्या तरुणपणीं व्हिएन्नांत संगीत छापण्याचा धंदा फारसा वाढलेला नव्हता. रचना हातानें उतरून घेत आणि नकलनवीस त्या प्रती विकून पोट भरीत. शिकवणीसाठीं लिहिलेली सोनाटा शिष्येच्या घरीं जाई, तेथून दुसऱ्याच्या घरीं जाई, आणि मूळ कागद कोठें राहिला याची वास्तपुस्त कोणी ठेवीत नसे. हायडनच्या संमतीनें छापलेला सोनाटांचा पहिला संच १७७४ सालीं निघाला. त्यांत सहा सोनाटा असून त्या राजपुत्र निकोलस यालाच अर्पण केलेल्या होत्या. त्या आधींच्या बहुतेक सोनाटा अशा हस्तलिखित प्रतींवरच तगून राहिल्या. ज्यांची एकहि प्रत उरली नाहीं त्या गेल्या.

याच रीतीचा दुसरा परिणाम उलट दिशेचा झाला. हायडनचें नांव युरोपभर गाजूं लागलें तेव्हां नकलनवीस आणि प्रकाशक दुसऱ्यांच्या रचना त्याच्या नांवावर खपवूं लागले. ज्यांच्यावर हायडनचें नांव खोटेंच घातलेलें आहे अशा सिंफनींची संख्या शंभराच्या वर जाते. म्हणजे एका बाजूस त्याच्या खऱ्या कृति हरवत होत्या आणि दुसऱ्या बाजूस परक्या कृति त्याच्या घरांत शिरत होत्या. १८०५ सालीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, हायडननें योहान एल्सलर या आपल्या नकलनविसाकडून सर्व रचनांची एक मोठी यादी करविली. पण त्या वेळीं त्याची स्मृति थकलेली होती, आणि चाळीस वर्षांपूर्वींच्या लहानसहान सोनाटांविषयीं त्या यादीवर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं.

हायडनच्या मृत्यूनंतर अर्धशतक या गोंधळाकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. संगीताच्या इतिहासाला शास्त्राची शिस्त लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १८६२ सालीं लुडविग फॉन केशेल यानें मोझार्टच्या ६२६ रचनांची कालानुक्रमें लावलेली सूचि प्रसिद्ध केली. केशेल हा धंद्यानें संगीतकार नव्हता. त्यानें कायद्याचें शिक्षण घेतलें होतें आणि वनस्पति व खनिजें यांच्या अभ्यासाची त्याला गोडी होती. झाडांची व दगडांची वर्गवारी लावणाऱ्या दृष्टीनेंच त्यानें मोझार्टची वर्गवारी लावली. त्याच दशकांत गुस्टाव नोटेबोम यानें बीथोव्हेनच्या कच्च्या टिपणवह्या तपासून एखादी रचना कशी घडत गेली हें दाखवावयास आरंभ केला. १८८५ सालीं संगीतशास्त्राला वाहिलेलें एक जर्मन त्रैमासिक निघालें आणि त्यांत गीदो आडलर यानें या नव्या शास्त्राची व्याप्ति व पद्धति मांडली. जुन्या ग्रंथांच्या पाठशुद्धीसाठीं जर्मन पंडितांनीं जे नियम बसविले होते, तेच आतां स्वरलिपीला लावण्यांत येऊं लागले.

हे नियम मराठी वाचकास अगदींच अपरिचित नाहींत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, तिचे प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं बर्लिन येथें अध्ययन केलें होतें. देशोदेशींच्या पोथ्या जमवाव्या, त्यांच्या चुकांच्या साम्यावरून त्यांचीं कुळें लावावीं, प्रक्षिप्त भाग वेगळा काढावा आणि प्रत्येक पाठभेद तळटीपेंत नोंदवावा, ही जी पद्धति व्यासांच्या ग्रंथाला लावली गेली, तीच हायडनच्या सोनाटांनाहि लावावी लागली. फरक एवढाच, कीं येथें अक्षरांच्या जागीं स्वर होते.

हायडनच्या वांट्याला मात्र केशेल फार उशिरां आला. कार्ल फर्डिनांड पोल यानें १८७५ पासून त्याचें चरित्र लिहावयास घेतलें, पण दोन खंड लिहून तो वारला आणि तिसरा खंड दुसऱ्याच्या हातून १९२७ सालीं पुरा झाला. १९१८ च्या सुमारास कार्ल पेझलर यानें हायडनच्या सोनाटांची संपादित आवृत्ति तीन खंडांत काढली व तींत ५२ सोनाटा घेतल्या. हा ५२ चा आंकडा पुढें पियानो शिकणाऱ्या प्रत्येक घरांत रूढ झाला. तथापि त्यांतील सतराव्या क्रमांकाची सोनाटा श्वानेनबर्गर या दुसऱ्याच रचनाकाराची आहे, असें मागाहून निष्पन्न झालें. छापील पुस्तकांत नांव आलें म्हणजे कर्तृत्व सिद्ध झालें असें नव्हे, हा धडा येथें प्रथमच मिळाला.

यानंतर दोन माणसांनीं या क्षेत्रांत फार मोलाची कामगिरी केली. पहिला डेन्मार्कचा येन्स पेटर लार्सन. त्यानें १९३९ सालीं हायडनच्या रचना आपल्यापर्यंत कोणकोणत्या वाटांनीं आल्या याची कसून छाननी केली आणि १९४१ सालीं हायडनच्या तीन जुन्या याद्या हुबेहूब छापून प्रसिद्ध केल्या. त्यामुळें ज्या कच्च्या यादीसाठीं पूर्वीं बर्लिनच्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे, ती कोणाहि अभ्यासकाच्या टेबलावर आली. दुसरा हॉलंडचा अँथनी व्हान होबोकेन. हा रॉटरडॅमचा श्रीमंत गृहस्थ. हाइनरिख शेंकर या आपल्या गुरूच्या प्रेरणेनें त्यानें १९२७ सालीं व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत थोर संगीतकारांच्या हस्तलिखितांच्या छायाचित्रांचा संग्रह स्थापन केला. छापील आवृत्त्यांत संपादकांनीं आपल्या मर्जीनें खुणा व स्वर घुसडलेले असतात, म्हणून मूळ कागदाचें चित्र प्रत्येकास पाहतां आलें पाहिजे, हा त्यामागील विचार होता. दुसऱ्या महायुद्धांत बर्लिनच्या ग्रंथालयांतील अमोल हस्तलिखितें सुरक्षिततेसाठीं दूरच्या मठांत व किल्ल्यांत हलविण्यांत आलीं. त्यांतील पुष्कळशीं युद्धानंतर कित्येक वर्षें बेपत्ता होतीं आणि पुढें पोलंडमधील क्राकाव शहरीं असल्याचें उघड झालें. अशा वेळीं छायाचित्रसंग्रहाची दूरदृष्टि किती मोलाची होती हें जगाला पटलें.

होबोकेननें हायडनच्या रचनांच्या सूचीला आपलें उभें आयुष्य दिलें. तिचा पहिला खंड १९५७ सालीं, दुसरा १९७१ सालीं आणि तिसरा १९७८ सालीं निघाला. पियानोच्या सोनाटांना त्यानें सोळावा वर्ग दिला. सात हरवलेल्या सोनाटांनाहि त्यानें वगळलें नाहीं. दुसऱ्या क्रमांकापुढें रोमन वर्णमालेंतील अक्षरें लावून त्यांचे आरंभींचे स्वर त्यानें नोंदवून ठेवले. पुढच्याच दशकांत क्रिस्टा लँडन या विदुषीनें व्हिएन्नांत नवी आवृत्ति काढली. तींत सोनाटांची संख्या ६२ झाली आणि हरवलेल्या सात रचनांना २१ ते २७ हे क्रमांक देऊन त्यांच्या जागा तशाच मोकळ्या ठेवण्यांत आल्या. घरांतील परागंदा झालेल्या माणसाचें पान वाढून ठेवावें, तसाच हा प्रकार होता.

याच काळांत संशोधकांच्या सावधपणाची एक कसोटी लागली. मोराव्हियांतील राय्गर्न येथील मठाच्या संग्रहांत हायडनच्या नांवाच्या दोन अज्ञात सोनाटा गेओर्ग फेडर या संशोधकास आढळल्या. प्रत खरोखरच जुनी होती. तींत लबाडी कांहींच नव्हती. तरी त्या हायडनच्याच आहेत असा निर्णय देण्यास पंडित कचरले, आणि तो संशय आजहि पुरता फिटलेला नाहीं. जुना कागद खरा असूं शकतो आणि त्यावरील नांव चुकीचें असूं शकतें, हा भेद अभ्यासकास सदैव मनांत वागवावा लागतो.

खरी परीक्षा झाली ती १९९३ च्या अखेरीस. हायडनच्या सात हरवलेल्या सोनाटांपैकीं सहा सांपडल्या, अशी वार्ता एकाएकीं जगभर पसरली. जर्मनींतील म्युन्स्टर शहराच्या एका वादक-शिक्षकाकडून त्यांच्या प्रती आल्या होत्या, आणि त्या एका वृद्ध स्त्रीच्या घरच्या संग्रहांतील आहेत असें सांगण्यांत येत होतें. पॉल बादुरा-स्कोडा या नामांकित पियानोवादकानें त्या वाजवून ध्वनिमुद्रित केल्या. त्याची पत्नी एव्हा ही स्वतः संगीताच्या इतिहासाची विदुषी. तिलाहि त्या खऱ्या वाटल्या. हायडनच्या चरित्रावर पांच मोठे खंड लिहिणारे एच. सी. रॉबिन्स लँडन यांनीं तर हा शतकांतील मोठा लाभ मानला. शंका घ्यावी कशी? प्रत्येक सोनाटाचा आरंभ हायडनच्या स्वतःच्या यादीशीं स्वरास स्वर जुळत होता. ज्या चौकटींच्या मागें सव्वादोनशें वर्षें घर नव्हतें, तेथें एकदम सहा घरें उभीं राहिलीं होतीं.

परंतु कोलोन शहरांत १९५५ पासून हायडनच्या समग्र ग्रंथावलीचें काम करणारी एक संशोधनसंस्था आहे. तेथील अभ्यासकांनीं थंड डोक्यानें या प्रती तपासल्या. पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली ती ही, कीं समोर मूळ हस्तलिखित नव्हतेंच. होत्या त्या केवळ छायाप्रती. मूळ कागद उजेडासमोर धरला तर त्याच्या आंत उमटलेली कागदगिरणीची खूण दिसते, आणि तिच्यावरून कागद कोणत्या काळीं व कोठें झाला हें ठरवितां येतें. इंग्लंडच्या ॲलन टायसन यानें याच खुणांवरून मोझार्टच्या अनेक रचनांचे काल नव्यानें ठरवून दाखविले होते. छायाप्रतींत ही खूण उतरत नाहीं. मूळ कागद दाखवा म्हटलें, तर तो पुढें येईना. दुसरी गोष्ट, नकलेच्या लेखनाची ढब अठराव्या शतकाची नव्हती. संस्थेनें या सोनाटा बनावट असल्याचा निर्वाळा दिला, आणि पुढें लँडन यांनींहि आपली फसवणूक झाल्याचें मान्य केलें.

या प्रकरणांत विचार करण्याजोगी गोष्ट ही, कीं जो पुरावा सर्वांत भक्कम वाटला तोच सर्वांत दुबळा होता. आरंभींचे स्वर जुळले, म्हणून सोनाटा खऱ्या मानल्या गेल्या. पण ते स्वर १९४१ पासून छापील पुस्तकांत होते. १९५७ पासून तर ते होबोकेनच्या सूचींतून प्रत्येक मोठ्या ग्रंथालयांत पोंचले होते. हायडनची शैली पक्की जाणणाऱ्या कोणाहि कुशल माणसास ते चार स्वर घेऊन पुढची इमारत रचतां आली असती. कुलपाची किल्ली बाजारांत विकत मिळत असतां, कुलूप उघडलें एवढ्यावरून आंत शिरणारा घरधनीच आहे असें म्हणतां येत नाहीं. ज्या पुराव्याची नक्कल करणें सोपें, तो पुरावा कितीहि नीट जुळला तरी त्याचें वजन कमीच धरावें लागतें. जे पुरावे लबाडास सहज हातीं लागत नाहींत, म्हणजे कागद, त्याची खूण, हस्ताक्षर आणि प्रत कोणाकडून कोणाकडे गेली याची अखंड परंपरा, तेच अखेर निर्णायक ठरतात.

यावर एक आक्षेप त्याच वेळीं घेतला गेला, आणि तो हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. सोनाटा ऐकावयास गोड असतील, थोर वादकाला त्या वाजवाव्याशा वाटल्या असतील, तर त्या कोणी रचल्या याची उठाठेव कशाला? केवळ आनंदासाठीं ऐकणाऱ्यास हा प्रश्न पुसण्याचा अधिकार आहे. परंतु १७६७ सालीं हायडन कोणते प्रयोग करीत होता, त्याची शैली कोणत्या वर्षीं पालटली, तरुण मोझार्टनें त्याच्याकडून काय घेतलें, हें ज्याला जाणावयाचें आहे, त्याला खोट्या कागदावर पाऊल टाकून चालत नाहीं. एका बनावट सोनाटावरून काढलेला सिद्धांत दहा पुस्तकांत शिरतो, आणि तो उपटून काढण्यास दोन पिढ्या लागतात. शिवाय ज्या माणसानें जन्मभर चाकरी करून आपलें नांव मिळविलें, त्याच्या नांवावर त्यानें न लिहिलेलें कांहींहि चढवूं नये, एवढा न्याय मृतासहि मिळावयास हवा.

पियानो-संगीतावरील संशोधन शोधूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यास या इतिहासांतून वाटहि सांपडते. प्रथम त्या रचनाकाराची सूचि पाहावी. तेथें रचनेचा क्रमांक, आरंभींचे स्वर आणि ज्ञात प्रतींची नोंद मिळते. नंतर समग्र ग्रंथावलीचा संबंधित खंड घ्यावा आणि त्याच्या अखेरीचा किंवा स्वतंत्र छापलेला पाठचिकित्सेचा भाग वाचावा. सामान्य वादक हा भाग उलगडूनहि पाहत नाहीं, पण प्रत्येक संशयित स्वराचा निवाडा तेथेंच असतो. हस्तलिखितें व जुन्या छापील प्रती कोणत्या देशांत कोठें आहेत, याची आंतरराष्ट्रीय नोंद १९५२ पासून चालू आहे. हस्तलिखितांची ती नोंद २०१० पासून संगणकावर सर्वांस विनामूल्य खुली झाली, आणि तींत आरंभींच्या स्वरांवरूनहि रचना हुडकतां येते. म्हणजे हायडनची जुनी युक्तीच नव्या यंत्रांत बसविण्यांत आली. संगीतविषयक ग्रंथ, निबंध व प्रबंध यांची सारांशासह सूचि १९६६ सालीं न्यू यॉर्क येथें बॅरी ब्रूक यानें सुरू केली, आणि ग्रोव्ह याचा १८७९ पासून निघालेला संगीतकोश २००१ सालीं २९ खंडांचा झाला. या क्रमानें गेलें, म्हणजे मतांच्या गर्दींत न चुकतां अभ्यासक पुराव्यापर्यंत पोंचतो.

ज्यास पुराव्याचा आनंद अनुभवावयाचा असेल, त्यानें हायडनची लंडन येथें रचलेली सा स्वरांतील सोनाटा, होबोकेनच्या सूचींतील पन्नासावी, पाहावी. तिच्या अखेरच्या भागांत तार सप्तकांतील कांहीं स्वर असे आहेत, कीं व्हिएन्नाच्या तत्कालीन पांच सप्तकांच्या पियानोवर ते वाजूंच शकत नव्हते. इंग्रज कारागिरांचे पियानो त्याहून रुंद होते. कागद हरवला असता, नांव पुसलें गेलें असतें, तरी त्या दोन-चार स्वरांनींच ही रचना इंग्लंडच्या वाद्यासाठीं झाली अशी साक्ष दिली असती.

हरवलेल्या सात सोनाटा आजहि सांपडलेल्या नाहींत. एखाद्या मठाच्या फडताळांत किंवा वाड्याच्या माळ्यावर त्या निघतीलहि. निघाल्या तर प्रथम त्यांचा कागद उजेडासमोर धरला जाईल आणि मगच त्या पियानोवर मांडल्या जातील. तोंवर २१ ते २७ हे क्रमांक रिकामे राहतील. खोट्या संगीतानें त्या जागा भरण्यापेक्षां त्या रिकाम्या ठेवणें हाच हायडनचा खरा मान आहे.